मीटर रूमचं कुलूप पावसाआधी उघडा : ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सदस्य,
ठाणे शहरातल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

मी वायरमन आहे. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून ट्रेड केला, परवाना काढला आणि गेली सव्वीस वर्षं नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कोपरी इथल्या इमारतींमध्ये काम करतोय. अलीकडे घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येही जाणं होतं. तुमच्यापैकी काहींच्या मीटर रूममध्ये मी येऊन गेलेलो आहे. हे पत्र एका वॉशिंग मशीनमुळे लिहितोय.

गेल्या जुलैमधली गोष्ट. पाचपाखाडीतली जुनी, चार मजल्यांची इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा फोन आला, "हॉलचा पंखा आणि पॅसेजची लाईट गेलीय, आणि मशीनला हात लावला तर जोरात फेकल्यासारखं झालं." मी पोचलो तेव्हा मशीन बंद होतं. तरी पत्र्याला टेस्टर लावला तर भक्कन पेटला. सॉकेटचा स्विच बंद केला, पत्रा तसाच जिवंत. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, भोकातही टेस्टर पेटतोय. हे दिसलं की वायरमनला कळतं, मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलाय. मग हॉलमध्ये जाऊन न फिरणाऱ्या पंख्याचं आणि पॅसेजच्या लाईटचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे मशीनच्या पत्र्यावरचा टेस्टर विझला.

म्हणजे पंख्यातून निघालेला करंट बाथरूमच्या दारातल्या मशीनच्या पत्र्यावर येऊन उभा होता.

मेन बंद करून सॉकेटचे दोन स्क्रू काढले, प्लेट पुढे ओढली. आत न्यूट्रलच्या टर्मिनलमधून निघून अर्थच्या टर्मिनलमध्ये गेलेला बोटभर काळ्या वायरचा तुकडा होता. अर्थची खरी, हिरवी तार त्या बॉक्सपर्यंत आलेलीच नव्हती. ताई म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी मशीन नवीन होतं तेव्हा बारीक झिणझिण्या यायच्या, तेव्हा एकाने येऊन "अर्थिंग करून दिलं", मग त्रास गेला. तरी घरात नियम होता, मशीनला हात लावताना पायात स्लीपर हवी. त्या दिवशी त्यांच्या पायात रबरी स्लीपर होती. त्यांची पाच वर्षांची मुलगी तिथेच बादलीत पाय घालून खेळत असते.

ज्याने तो तुकडा टाकला तो माणूस वाईट नव्हता, हे मला आधी सांगायचंय. आजच्या बहुतेक मशीनमध्ये, कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेकडून, पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. पत्रा अर्थला जोडलेला असला तर काहीच जाणवत नाही. अर्थ नसला तर पत्रा 230 च्या बरोबर मधे, साधारण 115 व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा, पण ओल्या हाताला झिणझिण्या येतात. ग्राहक म्हणतो, मशीन शॉक मारतं. वायरमन बघतो, अर्थ नाही. अर्थ आणायची तर तळमजल्यावरच्या मीटर रूमपासून तार ओढायला हवी, त्याला सोसायटीची परवानगी, पाइप, दोन दिवस. आणि काळ्या वायरचा तुकडा टाकला की झिणझिण्या त्याच क्षणी थांबतात, ग्राहक खूष. न्यूट्रलचा जोड धड आहे तोवर सगळं शांत असतं. ज्या दिवशी तो जोड सुटतो, त्या दिवशी घरातल्या प्रत्येक चालू वस्तूचा करंट परतीची वाट शोधत त्या तुकड्यातून पत्र्यावर येतो. त्या घरात जोड जंक्शन बॉक्समध्ये होता, नुसता पिळून पट्टी गुंडाळलेला. पट्टी सुकून सुटली होती.

न्यूट्रल म्हणजे करंटची रोजची परतीची वाट. तीवरून दिवसरात्र करंट वाहतो. अर्थची तार वर्षभर रिकामी असायला हवी, कारण ती बिघाडाच्या त्या एका क्षणासाठी राखून ठेवलेली असते. दोघांची गाठ ट्रान्सफॉर्मरकडे मारलेली असते, तिथे न्यूट्रल दोन वेगवेगळ्या इलेक्ट्रोडमधून जमिनीत नेतात. मीटरच्या पुढे, घराच्या आत, या दोघांनी पुन्हा कुठेही भेटायचं नाही. तारांना काळा आणि हिरवा असे दोन रंग दिलेत ते याचसाठी. टोकाला गेल्यावर दोन्ही "जमिनीचेच" आहेत, मग जोडले तर काय बिघडलं, असं मला चांगले शिकलेले लोक विचारतात. त्यांना मी ते मशीन सांगतो.

आता तुमच्या दाराशी येतो. ज्या घरात अर्थची तार पोचलेलीच नाही, तिथे राहणारा माणूस एकटा काही करू शकत नाही. अर्थ खालून वर येते. मीटर रूम, रायझर, जिन्याची डक्ट, सगळं सोसायटीच्या ताब्यातलं. जुन्या इमारतींत अर्थची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. ती चुकीचीच होती, पण निदान पाइप जमिनीत गेलेला असायचा. मग प्लंबिंग दुरुस्ती निघाली, कमिटीने ठराव केला, लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले. त्या दिवशी इमारतीतल्या कितीतरी घरांची अर्थ गेली, आणि ते ना प्लंबरला कळलं ना कमिटीला. मी अशा इमारती बघितल्यात जिथे अर्थची तार अजूनही प्लॅस्टिकच्या पाइपला क्लॅम्प लावून व्यवस्थित बांधलेली आहे. प्लॅस्टिकचे पाइप टाकल्यावर काही ठिकाणी ती तार गॅसच्या पाइपला बांधलेली सापडली. कृपा करून असं कुठे दिसलं तर त्याच दिवशी काढायला लावा.

मीटर रूममधला न्यूट्रल हा त्याहून मोठा विषय. इमारतीला तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. तीन फेज मजल्यांवर वाटलेले असतात, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. तो जर बसबारवर, म्हणजे सगळ्या तारा जोडायच्या जाड पट्टीवर, सुटला, तर दोन वेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या मागे रांगेत उभी राहतात आणि त्यांच्यावर मिळून 400 व्होल्ट पडतात. साधा हिशोब सांगतो. एका घरात 2300 वॉटचा गिझर चालू, दुसऱ्या फेजवरच्या घरात टीव्ही, पंखा मिळून 230 वॉट. न्यूट्रल गेला की गिझरवाल्याकडे उरतात साधारण 36 व्होल्ट आणि टीव्हीवाल्याकडे जातात साधारण 364. एका घरात लाईट मिणमिणते, वरच्या घरात टीव्हीतून धूर येतो. मग दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, "वरून हाय व्होल्टेज आलं." कधी खरंच बाहेरचा न्यूट्रल तुटलेला असतो. पण मी गेलोय त्यातल्या बऱ्याच वेळा दोष इमारतीच्या स्वतःच्या मीटर रूममध्ये निघालाय.

कोपरीतल्या एका इमारतीत मे महिन्यात असंच झालं. मेन पॅनेलचं झाकण काढल्यावर आधी वास आला, जळक्या बेकलाइटचा. न्यूट्रलच्या बोल्टखाली ॲल्युमिनियमच्या केबलचं साधं लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, थेट तांब्याच्या पट्टीवर बसवलेलं होतं. ॲल्युमिनियम आणि तांबं असं थेट एकत्र आणलं की दमट हवेत सांधा कुजतो, पांढरी पूड धरते. त्यात ॲल्युमिनियम तापून फुगतं, थंड होऊन आक्रसतं आणि बोल्ट ढिला पडतो. ढिला सांधा आणखी तापतो. त्या बोल्टचा वायसर निळा पडला होता आणि केबलचं इन्शुलेशन वीतभर तपकिरी होऊन तडकलं होतं. एका दिवसात असं होत नाही, किमान दोन-तीन उन्हाळे ते तापत असणार. कुणी झाकण उघडलं असतं तर नुसत्या रंगावरून कळलं असतं. त्यासाठी दोन धातूंचं लग मिळतं, ते वापरायचं आणि बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा. अख्खं काम अर्ध्या दिवसाचं होतं. त्या संध्याकाळी पाच घरांतले फ्रिज आणि टीव्ही गेले, त्यात एक फ्रिज एकट्या राहणाऱ्या आजींचा, इन्सुलिन ठेवलेला.

जुन्या इमारतींत अजून एक गोष्ट सापडते. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, एक फेजला आणि एक न्यूट्रललाही. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की लाईट जाते, माणसाला वाटतं आता वायर मेली, आणि तो होल्डरमध्ये हात घालतो. फेज तिथे पूर्ण 230 व्होल्टवर उभा असतो. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच टाकायचा नाही, फेजबरोबर एकदम तुटणारा जोडस्विच चालेल, ही अट 1956 च्या भारतीय वीज नियमांत होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या सुरक्षा नियमांतही आहे. ग्राहकाला मीटरजवळ अर्थचं टर्मिनल देणं आणि ते नीट ठेवणं वीज पुरवणाऱ्यावर बंधनकारक आहे, हेही त्याच नियमांत आहे. तुमच्या मीटर रूममध्ये ते टर्मिनल आहे का, दिसतं का, गंजलंय का, एवढं तरी लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

"आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा घातलेला आहे, दर उन्हाळ्यात पाणी घालतो," असं मला सांगितलं जातं. चांगलं आहे, घालत राहा. पण त्यावर निर्धास्त राहू नका. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम आहे, ट्रान्सफॉर्मरकडचा 1 ओहम, आणि दोघांमध्ये फक्त माती आहे, तार नाही. गिझरची फेज पत्र्याला टेकली तर करंट वाहील 230 भागिले 6, म्हणजे 38 अँपिअर. 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, 38 वर तासभरात तरी पडेल याची खात्री नाही. आणि तोपर्यंत गिझरचा पत्रा, नळ, शॉवर 190 व्होल्टवर. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि आंघोळ करणारा माणूस तरीही मरू शकतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरपासून मीटर रूमपर्यंत आणि तिथून घरापर्यंत धातूची सलग अर्थ हवी, म्हणजे बिघाड झाला की शेकडो अँपिअर वाहतील आणि एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडेल. आणि त्याच्या जोडीला प्रत्येक घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, हे तो सतत मोजतो. मधला करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की तो तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं.

पाचपाखाडीच्या त्या घरात आरसीसीबी होता. पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून वरचे आणि खालचे स्क्रू तारेने थेट जोडून टाकलेले होते. बाहेरून बघितलं तर हिरवा बिल्ला, बटण वर, सगळं छान. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता डीबी, म्हणजे घरातली एमसीबींची पेटी, उघडली की पहिली नजर तिकडे जाते. आरसीसीबी उगाच पडत नाही. कुठेतरी ओल आहे, किंवा कुणीतरी न्यूट्रल-अर्थ जोडलंय, किंवा आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल इन्व्हर्टरच्या किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय. ते शोधायला दोन तास लागतात, आणि असा तारेचा लूप मारायला दोन मिनिटं. ग्राहकाने दोन तासांचे पैसे द्यायची तयारी दाखवली तर माझे सहकारीही शोधतील, ही माझी खात्री आहे.

तपासणीबद्दल एक सांगतो, कारण इथे चांगल्या मनाची माणसं फसतात. फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावला आणि तो लखलखीत पेटला की "अर्थिंग ओके" असं म्हणतात. बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थचा रोध 50 ओहम असला तरी तो जवळजवळ पूर्ण पेटेल, आणि न्यूट्रलचा लूप मारलेला असला तरी पेटेल. दुसरी पद्धत, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायचं. लोड चालू असताना ते एक-दोन व्होल्ट येणं स्वाभाविक आहे, कारण न्यूट्रलच्या तारेत तेवढं पडतंच. एसी, गिझर चालू असताना मीटर अगदी शून्य दाखवत असेल तर बहुतेक जण खूष होतात. मला तिथे शंका येते, जवळच कुठेतरी दोघांना जोडलेलं असणार. खरं उत्तर लूप इम्पीडन्स टेस्टर आणि अर्थ टेस्टर देतात. ज्याच्याकडे ही यंत्रं आहेत त्यालाच बोलवा आणि आकडे लिहून मागा.

एक खूण मात्र तुम्ही स्वतः बघू शकता. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर "ई/एल" लिहिलेला छोटा दिवा असतो. फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळत नसला की तो पेटतो. मीटर रूममध्ये उभं राहून किती मीटरवर तो पेटलाय ते मोजा. तेवढ्या घरांत न्यूट्रल कुठेतरी भरकटलाय, जमिनीत किंवा शेजाऱ्याच्या न्यूट्रलमध्ये. अशी मीटर दोनपैकी जो करंट जास्त असेल त्यावर बिल लावतात, त्यामुळे शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्या मीटरमधून परत जात असेल तर त्याच्या विजेचे पैसे तुम्ही भरता. "बिल एवढं कसं" म्हणून मीटर बदलायचे अर्ज करणाऱ्या दोन घरांत मला हेच सापडलं.

पार्किंगमधले गाड्यांचे चार्जर हा नवीन धोका, आणि तो झपाट्याने वाढतोय. बरेच चार्जर अर्थ नसली तर चालूच होत नाहीत, लाल दिवा लावून थांबतात. ते बरोबर करतात. पण मग कुणीतरी सॉकेटमध्ये तोच बोटभर काळा तुकडा टाकतो, चार्जर फसतो आणि हिरवा होतो. न्यूट्रल सुटला तर आता करंट असलेला पत्रा म्हणजे अख्खी गाडी, ओल्या पार्किंगमध्ये उभी, तिच्याभोवती मुलं क्रिकेट खेळतायत. चार्जरला परवानगी देताना मीटर रूमपासून वेगळी अर्थ आणि वेगळा आरसीसीबी ही अट घाला. आधीच लावलेले असतील ते उघडून बघा.

नौपाड्यात, पाचपाखाडीत बऱ्याच सोसायट्या पुनर्विकासाच्या बोलणीत आहेत. "दोन वर्षांत पाडायचीच आहे, आता कशाला खर्च," हे मी दर आठवड्याला ऐकतो. पाचपाखाडीच्या त्या इमारतीतही हेच ऐकलं. ती अजून उभी आहे, लोक अजून राहतायत. आणि ज्यांचा करार व्हायचाय त्यांनी कार्पेट एरिया आणि कॉर्पसबरोबर एक कलम घाला : प्रत्येक फ्लॅटपर्यंत सलग अर्थची तार, प्रत्येक डीबीत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि ताबा देताना प्रत्येक फ्लॅटच्या मोजणीचा सही केलेला कागद.

अग्निशमन यंत्रणेचा बी फॉर्म तुम्ही वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये भरता. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करता. वायरिंगची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारलं तर बहुतेक कमिट्यांकडे इमारतीला कनेक्शन मिळतानाचा टेस्ट रिपोर्ट असतो, तोही सापडला तर.

माझी मागणी अशी. येत्या कमिटी मीटिंगमध्ये एक ठराव करा आणि मेच्या आत एक रविवार ठरवा. त्या दिवशी रीतसर शटडाऊन घेऊन परवानाधारक ठेकेदाराकडून मेन पॅनेल उघडायला लावा, न्यूट्रलचा प्रत्येक सांधा बघा, बदला, आवळा, आणि अर्थची पट्टी खड्ड्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत सलग आहे का ते मोजून घ्या. जी घरं अर्थविना आहेत त्यांची यादी करा आणि तार ओढायचा खर्च सोसायटीने उचला, तो एका घराचा प्रश्न समजू नका. मग प्रत्येक घरात डीबी आणि पाण्याजवळची सॉकेट उघडून बघा. लोक दार उघडायला कुरकुर करतील. आजीआजोबा एकटे राहतात तिथे कमिटीतल्या कुणीतरी सोबत जा, म्हणजे त्यांना भीती वाटणार नाही. काळा तुकडा सापडला तर काढायचा, पण नुसता काढून निघून जायचं नाही. त्या जागी हिरवी तार येईपर्यंत ते सॉकेट बंद ठेवायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या घरी मी त्या दिवशी मशीन बंद ठेवायला सांगून आलो. तळमजल्यापासून अर्थ ओढायला कमिटीची परवानगी लागते, ती मागितली आहे. अर्ज सप्टेंबरपासून पडून आहे. ताई अजून हाताने कपडे धुतात.

आपला,
एक परवानाधारक वायरमन
ठाणे